मिक्सिंगला गाणं पाठवण्यापूर्वी

रेकॉर्डिंग संपलं की सगळ्यांनाच एक घाई होते, गाणं मिक्सिंगला पाठवण्याची. साताऱ्यातल्या एखाद्या घरगुती स्टुडिओत गायलेला अभंग आज पुण्यातला इंजिनिअर मिक्स करतो आणि कित्येकदा ही दोन माणसं एकमेकांना भेटतही नाहीत. त्यांच्यामध्ये असतो फक्त एक फोल्डर. चांगल्या माइकसाठी महिनोन्‌महिने पैसे साठवणारी मंडळी हा फोल्डर मात्र शेवटच्या रात्री, झोप डोळ्यांवर असताना कसाबसा भरतात. गाण्याचं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं, आणि ते टाळायला एक पैसाही लागत नाही.

नुकसान कशाचं, हे आधी समजून घेऊ. मिक्सिंग इंजिनिअरचं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे त्याचे ताजे कान. कान फार लवकर सरावतात. टोचणारा आवाज पहिल्यांदा ऐकताना खटकतो, दहाव्यांदा ऐकताना तो तसाच असायचा असं वाटू लागतं. म्हणून गाणं पहिल्या काही वेळा ऐकताना जे जाणवतं, त्यावर चांगलं मिक्स उभं राहतं. तो वेळ जर ‘ऑडिओ ३७’ ही ढोलकी आहे की टाळ, कोरस अर्धा सेकंद मागे का पडतोय, आणि पाच टेकपैकी गायकाला कोणता हवा होता, हे शोधण्यात गेला, तर गाण्याकडे लक्ष जाईपर्यंत कान थकलेले असतात.

हे टाळायचा नियम एकच आहे. जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते सगळं फोल्डरमध्ये उतरवा, आणि जे इंजिनिअरने करायचं आहे ते त्याच्यासाठी मोकळं ठेवा. पुढच्या सगळ्या सूचना याच एका नियमातून निघतात.

टेपने लावलेली शिस्त

एके काळी हा प्रश्नच नव्हता. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ठिकाणी गायक आणि वादकांचा ताफा एकाच वेळी गात-वाजवत असे आणि इंजिनिअर तिथल्या तिथे आवाजांचा तोल साधत असे. गाणं रेकॉर्ड झालं म्हणजे बव्हंशी मिक्सही झालेलं असे.

पुढे एका टेपवर अनेक ट्रॅक वेगवेगळे भरता येऊ लागले. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी ॲम्पेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचं यंत्र करून घेतलं ते १९५७ मध्ये. तरी पुढची दहा वर्षं बहुतेक मोठ्या स्टुडिओंतही तीन-चारच ट्रॅक असत. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम लंडनमध्ये चार ट्रॅकच्या यंत्रांवरच घडला. चारही ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि उरलेल्या जागेत पुढचं वाद्य भरायचं. एकदा एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे होत नसत. त्यामुळे कोणता टेक ठेवायचा, ड्रम किती पुढे हवा, हे त्या क्षणीच ठरवावं लागे. कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते टेपच्या खोक्यावर किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेलं असे, कारण टेपकडे नुसतं पाहून काहीच कळत नसे.

आज संगणकावर शंभर ट्रॅक घेता येतात, आणि म्हणून निर्णय पुढे ढकलण्याची सवय लागली आहे. ‘मिक्सिंगमध्ये बघू’ हे वाक्य प्रत्येक स्टुडिओत ऐकू येतं. मात्र गायकाला कोणता अंतरा आवडला हे इंजिनिअरला कधीच कळणार नसतं. टेपने सक्तीने लावलेली शिस्त आता आपण आपल्या मनाने पाळायची आहे.

ट्रॅक वेगळे, स्टेम वेगळे

पाठवायचं काय, इथूनच गोंधळ सुरू होतो. मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक माइकची, प्रत्येक वाद्याची सुटी फाइल. स्टेम म्हणजे एका गटातल्या वाद्यांचं एकत्र केलेलं उपमिश्रण: सगळा ठेका एका फाइलमध्ये, सगळा कोरस दुसऱ्या. मिक्सिंगला मल्टिट्रॅक लागतात. चित्रपटाच्या अंतिम ध्वनिमिश्रणासाठी किंवा रंगमंचावर वाजवण्यासाठी स्टेम उपयोगी पडतात. बोलताना पुष्कळजण दोन्हींना ‘स्टेम’ म्हणतात, तेव्हा इंजिनिअरला नेमकं काय हवंय ते एकदा स्पष्ट विचारून घ्यावं.

नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवून भागत नाही. तुम्ही क्युबेसवर काम केलं असेल आणि समोरचा प्रो टूल्सवर करत असेल, तर तुमचा प्रोजेक्ट त्याच्याकडे उघडणारच नाही. सॉफ्टवेअर एकच असलं तरी तुमचे प्लगइन आणि वाद्यांच्या लायब्ररी त्याच्याकडे असतील याची खात्री नसते. सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांच्या बाबतीत ही अडचण जास्तच. मिडीच्या नोंदीत कोणता स्वर कधी आणि किती जोरात वाजला एवढंच असतं, प्रत्यक्ष आवाज नसतो. तुमच्याकडची सुंदर बासरी त्याच्या संगणकावर कसलाही आवाज घेऊन वाजेल किंवा वाजणारच नाही. म्हणून अशा प्रत्येक वाद्याची ऑडिओ फाइल करूनच द्यावी.

या सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू झाल्या पाहिजेत, हा सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक नियम. कोरस तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी त्याची फाइल शून्यापासूनच सुरू व्हावी आणि आधीची तीन मिनिटं शांतता असावी. मग इंजिनिअर सगळ्या फाइली एका रेषेत ठेवतो आणि गाणं आपोआप जुळतं. शेवटही घाईने कापू नका. तानपुऱ्याचा झंकार पूर्ण विरेपर्यंत फाइल चालू द्या.

आकडे जुळले नाहीत तर

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेतले जातात. सीडीसाठी हा आकडा ४४,१०० आहे, तर व्हिडिओ आणि चित्रपटाच्या कामात ४८,००० चालतो. आता ४४,१०० ला रेकॉर्ड केलेली फाइल रूपांतर न होता ४८,००० च्या वेगाने वाजली तर काय होईल? ५ मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपेल आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढेल. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या अर्ध्या वाटेवर जाईल, म्हणजे पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसणार नाही. सगळं गाणं असं बिघडलं तर लगेच लक्षात येतं. एकच तालवाद्य बिघडलं तर वेळ फुकट जातो, कारण ते सुरुवातीला जुळल्यासारखं वाटतं आणि पुढे सुटत जातं. तेव्हा ज्या आकड्यावर रेकॉर्डिंग केलं त्याच आकड्यावर फाइली काढाव्यात आणि तो आकडा लिहून कळवावा. ४४,१०० चं मुद्दाम ९६,००० करून पाठवल्याने दर्जा वाढत नाही, फाइल तेवढी जड होते.

दुसरा आकडा बिटचा. एका बिटमागे आवाजाच्या आवाक्यात साधारण ६ डेसिबलची भर पडते. १६ बिटला हा आवाका सुमारे ९६ डेसिबल मिळतो, २४ बिटला १४४. मिक्सिंगसाठी २४ बिट घ्यावं. काही सॉफ्टवेअर ३२ बिट फ्लोट वापरतात, तेही चालतं.

फाइल वेव्ह किंवा एआयएफएफ स्वरूपात असावी. एमपी३ का नको, याचं कारण जाणून घेण्यासारखं आहे. मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज कानाला जाणवणार नाहीत असं गणित सांगतं, ते एमपी३ काढून टाकते. तयार गाणं ऐकताना हे बहुधा चालून जातं. मिक्सिंगमध्ये मात्र इंजिनिअर एक आवाज खाली आणतो, दुसरा वर काढतो, एखादी पट्टी उजळतो, आणि जे झाकलेलं राहील असं गृहीत धरलं होतं तेच उघडं पडतं. शिवाय एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला सेकंदाच्या छोट्याशा भागाएवढी शांतता जोडली जाते, त्यामुळे ट्रॅक एकमेकांपासून सरकू शकतात. एमपी३ ची पुन्हा वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही.

जागेचा हिशेबही सोपा आहे. २४ बिट आणि ४८,००० नमुन्यांची एका माइकची फाइल मिनिटाला सुमारे ८.६ एमबी होते. ५ मिनिटांच्या गाण्याचे असे ४० ट्रॅक म्हणजे साधारण १.७ जीबी. एका माइकवर गायलेला आवाज स्टिरिओ फाइल करून काढला तर हाच आकार दुप्पट होतो आणि हाती जास्त काहीच लागत नाही. एका माइकचं मोनोच ठेवा. दोन माइकनी मुद्दाम डावी-उजवीकडून घेतलेलं किंवा सिंथेसायझरचं पसरट वादन तेवढं स्टिरिओ असू द्या.

आवाज किती वर ठेवायचा

फाइल जोरात वाजली म्हणजे चांगली, हा गैरसमज फार रुजलेला आहे. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत असतं. त्याच्या वर जाणारा लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. २४ बिटमध्ये खालच्या बाजूला इतकी जागा असते की छताला चिकटण्याची गरजच उरत नाही. सर्वांत जोराची थापही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावी आणि सरासरी पातळी उणे १८ च्या जवळपास असावी, असा अंदाज बहुतेक ठिकाणी चालतो. हे आकडे काटेकोर नाहीत. आवाज कुठेही फाटता कामा नये, हे मात्र काटेकोर. ३२ बिट फ्लोट फाइलमध्ये सॉफ्टवेअरच्या आत वर गेलेला आवाज परत खाली आणता येतो, पण रेकॉर्डिंगच्या वेळी माइकच्या प्रीॲम्पवरच फाटलेला आवाज त्यानेही सुधारत नाही.

मुख्य चॅनेलवर लिमिटर किंवा मास्टरिंगचा प्लगइन लावला असेल तर फाइली काढताना तो बंद करा. फाइली ‘नॉर्मलाइज’ही करू नका. तुम्ही ठरवलेला वाद्यांचा परस्परांतला तोल त्याने पुसला जातो.

साफसफाई कुठवर

इथे खरं कौशल्य लागतं. पाच टेकमधून एक अखंड आवाज जुळवणं हे तुमचं काम. जोडाच्या ठिकाणी दोन तुकडे काही मिलिसेकंद एकमेकांत मिसळायला हवेत. लहर मधेच कापली की ‘टिक्’ असा आवाज येतो. हेडफोनमधून झिरपलेला क्लिक, खुर्चीची करकर, पानं उलटल्याचा आवाज हे सगळं काढा. श्वास मात्र सरसकट पुसू नका. आलापाआधीचा श्वास हा गाण्याचाच भाग असतो. श्वास किती ऐकू यावा हे इंजिनिअर ठरवू शकतो, पण पुसलेला श्वास तो परत आणू शकत नाही.

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग एकाच खोलीत, सगळे एकत्र बसून झालं असेल तर आणखी जपा. बुवांच्या माइकमध्ये टाळ आणि पखवाज थोडे येणारच. बुवा गात नाहीत ती जागा तुम्ही मोकळी केलीत, तर त्यांनी चरण उचलताच टाळांचा आवाज अचानक मोठा होईल आणि ते थांबताच लहान. असे ट्रॅक न कापता द्यावेत.

ढोलकीचं उदाहरण जरा बारकाईने पाहू. तिच्या दोन तोंडांना दोन माइक लावतात. उजव्या तोंडाची थाप उजव्या माइकला लगेच मिळते, डाव्या माइकला किंचित उशिरा. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटर जास्त अंतराला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. आता ५०० हर्ट्झच्या लहरीचा अर्धा फेरा बरोबर १ मिलिसेकंदाचा असतो. तेव्हा दोन्ही माइक एकत्र ऐकले की एकीकडचा चढ दुसरीकडच्या उतारावर येतो आणि त्या पट्टीतला आवाज दबतो. माइक नीट लावलेले असतील तर ही देवाणघेवाण सगळ्या थापांना सारखी असते आणि तीच त्या ढोलकीचा पोत ठरते. पण एखादी थाप लयीत बसवण्यासाठी तुम्ही फक्त उजव्या माइकचा तुकडा सरकवलात, की तेवढ्या थापेपुरतं हे नातं बदलतं. एक थाप भरदार लागते, पुढची पोकळ. कारण शोधताना इंजिनिअरचा तास जातो. म्हणून एका वाद्याचे सगळे माइक सॉफ्टवेअरमध्ये एकत्र बांधून मगच कापाकापी करा.

सूर सुधारण्याच्या बाबतीतही असंच जपावं लागतं. ही सॉफ्टवेअर सहसा स्वर पेटीसारख्या बारा समान पायऱ्यांवर नेऊन बसवतात. दरबारी कानड्यातला आंदोलित अतिकोमल गंधार त्या पायरीवर नसतोच. सॉफ्टवेअरला तो बेसूर वाटतो आणि ते तो सरळ करून टाकतं. मींडही अशीच पायऱ्यापायऱ्यांची होऊन जाते. कोणता स्वर चुकलाय आणि कोणता मुद्दाम तिथे लावलाय, हे संगीतकाराला आणि गायकालाच कळतं. त्यामुळे सुधारणा करायची तर ती त्यांच्या देखरेखीखाली, आणि पाठवताना मूळ गायनाची फाइलही सोबत.

इफेक्ट ठेवायचे की काढायचे

शिंप्याकडे आपण कापड देतो, अर्धा शिवलेला सदरा देत नाही. तुम्ही नुसतं बरं वाटावं म्हणून लावलेला रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, इक्वलायझर काढूनच फाइली द्याव्यात. फाइलमध्ये मुरलेला रिव्हर्ब बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं.

काही इफेक्ट मात्र रचनेचाच भाग असतात. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा खरखरीत आवाज किंवा ठेक्याच्या मात्रेशी बांधलेला प्रतिध्वनी काढला तर तो सांगीतिक विचारच निघून जातो. अशा वेळी दोन फाइली द्या, एक इफेक्टसह आणि एक कोरी. ऐकायला काय हवं होतं ते पहिलीतून कळेल, नव्याने करायची मोकळीक दुसरीतून मिळेल.

नावं आणि सोबतचा कागद

फाइलच्या नावात क्रमांक, वाद्य आणि तपशील एवढंच असावं: ०१ पखवाज उजवा, ०२ पखवाज डावा, ०५ टाळ, ०८ पेटी, ११ मुख्य आवाज, १२ कोरस पुरुष. क्रमांकामुळे ठेका, सूरवाद्यं, आवाज असे गट एकत्र दिसतात. ही नावं रोमन लिपीत ठेवणं सोयीचं, कारण एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना देवनागरी अक्षरं किंवा विशेष चिन्हं कधी कधी बिघडतात. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरू नका, कारण त्याच्यानंतरही बदल होतच असतात. त्याऐवजी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घाला.

सोबत एक पानभर मजकूर हवा. गाण्याची पट्टी, ताल, लय, नमुन्यांचा आणि बिटचा आकडा, पूर्ण शब्द, आणि तुमचा हेतू. अभंग विलंबित सुरू होऊन शेवटच्या गजरात दुपटीला जात असेल तर लय कुठे कुठे बदलते ते लिहा. क्लिकवर काम केलं असेल तर लयीच्या नोंदींची मिडी फाइल जोडा. ‘आवाज उबदार हवा’ यापेक्षा ‘दुसऱ्या अंतऱ्यात पेटी मागे राहावी आणि बासरीचे पलटे पुढे यावेत’ हे वाक्य कितीतरी उपयोगाचं आहे.

तुमचं कच्चं मिक्सही पाठवा. एवढी एक फाइल एमपी३ असली तरी हरकत नाही. तोल कसा मनात होता हे त्यातून चटकन कळतं, आणि एखादा ट्रॅक राहून गेला असेल तर तेही उघड होतं. ज्या पोताचं गाणं तुम्हाला अभिप्रेत आहे अशा एका प्रसिद्ध गाण्याचं नाव लिहिलंत तर आणखी चांगलं.

पाठवण्याआधी आणि नंतर

फाइली तयार झाल्या की नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडा, सगळ्या फाइली शून्यावर ठेवा आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. मग प्रत्येक ट्रॅक एकेकटा ऐका. बहुतेक चुका याच वेळी सापडतात: चुकून बंद राहिलेलं वाद्य, दोनदा निघालेली फाइल, शेवटी कापला गेलेला झंकार.

त्यानंतर सगळा फोल्डर झिप करून ड्राइव्हवरून पाठवा. मेसेजिंग ॲपवर ऑडिओ सुटे सुटे टाकू नका, काही ॲप त्यांचा दर्जा वाटेत उतरवतात. इंजिनिअरकडे फोल्डर पोहोचला, उघडला आणि सगळं वाजलं, हे त्याच्याकडून ऐकेपर्यंत तुमच्या संगणकावरून काहीही पुसू नका.

पुसायचं तर नंतरही नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे साठवलेल्या मूळ ध्वनिफिती जळाल्या. एका जागी ठेवलेली एकमेव प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच. कामाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर, हा साधा नियम प्रत्येक स्टुडिओने पाळावा. प्रोजेक्टसोबत काढलेल्या वेव्ह फाइलीही जपा. आजचं सॉफ्टवेअर वीस वर्षांनी उघडेल याची खात्री नाही, साधी वेव्ह फाइल उघडण्याची शक्यता त्याहून खूप जास्त आहे.

हे सगळं करायला पहिल्या गाण्याला एक पूर्ण संध्याकाळ लागेल, पुढच्या गाण्यांना तासभर पुरेल. आपल्याकडे गावोगावी चांगलं गाणारे, वाजवणारे आणि ते घरीच मुद्रित करणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्या गाण्यांत उणीव राहते ती बहुतेक वेळा गळ्याची किंवा हाताची नसते, या शेवटच्या तयारीची असते. पुढचं रेकॉर्डिंग ठरवाल तेव्हा गायकाची तारीख, वादकाची तारीख यांच्यासोबत फाइली लावण्याचीही एक तारीख वहीत लिहून ठेवा आणि ती मोडू नका.